गुडघ्यातली राणी

पडवीवर पाऊल वाजलं आणि सुचिताचा रातांबे फोडणारा हात थबकला.

पाऊल टेकलं, जरासं थांबलं, मग त्याच्यावर अंगाचा भार आला. दुसरं पाऊल टेकलं, थांबलं, भार आला. असं पाऊल टाकणारा जगात एकच माणूस होता आणि तो गेल्या श्रावणात, जेवता जेवता हृदय बंद पडून गेला होता. उल्हास मेस्त्री. दशावतारात स्त्री पार्टी करणारा. त्याची दमयंती पडद्यातून बाहेर आली की समोरची पोरंसुद्धा चुरमुरे चावायची थांबत. ती चाल त्याने याच पडवीत घोटली होती, संसाराची सगळी वर्षं, सुचिता आत स्वयंपाक करत असताना.

ती उठली नाही. बाहेर कुणी नसलं तर काय आणि असलं तर काय, यातलं जास्त वाईट कोणतं हे तिला ठरवता येईना.

पाऊल उंबऱ्याशी आलं. डावी टाच उंबऱ्याच्या चिऱ्यावर दोनदा आपटली. टक्, टक्.

"वहिनी, आसात काय घरात?"

आवाज अंकुश धुरीचा होता. दुसऱ्या मंडळातला राजपार्टीवाला. राजे आणि राक्षस करणारा. कानापर्यंत गेलेल्या मिशा, पखवाजासारखी छाती. स्पर्धेत उल्हास आणि तो समोरासमोर आले की आयत्या वेळच्या संवादांत एकमेकांची सालटी काढायचे, आणि नाटक संपल्यावर एकाच पानातला चुना खायचे.

सुचिता हात पुसत बाहेर आली. हाताला लाल रस तसाच होता.

"भावजी, ही चाल खय शिकलात?"

"ताच इचारूक इलंय."

"माका इचारतात? नक्कल तुमी करतात आणि माका इचारतात?"

"नक्कल?" अंकुश पडवीच्या कठड्यावर बसला, म्हणजे डावा पाय हळूच पुढे सोडून बसला. "वहिनी, मी महिषासूर. तुमच्या घोवाची नक्कल करून माझा पोट भरतला? उल्हासान जाताना काय करून ठेवल्यान ता सांगा. माझ्यावर करणी करूक नारळ ठेवल्यान? कोणाकडे गेल्लो? गेल्या वर्षी स्पर्धेत मी तेका म्हातारी राणी म्हटलंय, ताच मनात धरल्यान ना?"

सुचिताला हसू आलं असतं, पण तिचं लक्ष उंबऱ्यावर होतं. राणीचा प्रवेश संपवून पडद्याआड गेला की उल्हास डावी टाच दोनदा आपटायचा. "राणी उतरवतंय," म्हणायचा. पडवीत तालीम करून घरात शिरतानाही तेच. प्रेक्षकांना ते कधी दिसलं नाही आणि पडद्याआड जो तो आपापलं नेसण्यात गुंतलेला. ज्याने पाहिलंच नाही, तो नक्कल कशाची करणार? की यानेच कधीतरी चोरून पाहिलं होतं?

"त्या फणसापर्यंत जावा आणि परत येवा," ती म्हणाली.

तो गेला. ती पायांकडे नाही, चेहऱ्याकडे पाहत राहिली. अंकुश राक्षसासारखं दणकन पाऊल टाकायला निघायचा, मिशी दातांत धरायचा, कपाळावर घाम यायचा आणि तरी पाऊल जमिनीला टेकून थांबायचं. थांबा संपला की मगच त्याला पुढे जायला मिळायचं. कुणीतरी हात धरून चालवावं तसा तो फणसाकडून परत आला.

"माघात डावो गुडघो बदललंय," तो धापा टाकत म्हणाला. "बरो झालंय म्हणून उभो रवलंय नाटकात. महिषासूर येता आणि लोक हसतत. पोरां म्हणतत, महिषासुराची बायल इली. आता मालक माका गणपतीच्या मागे उभो करता. चवरी ढाळूक!"

"गुडघो खय बदललात?"

"हायवेवरच्या हाडांच्या इस्पितळात. तुमच्या उल्हासान केल्लो थयच. तीच डॉक्टरीण."

सुचिताचा संशय अंकुशवरून उठला आणि घाट ओलांडणाऱ्या ढगासारखा पुढे सरकला.

*

डॉ. तन्वी कुडतरकरांनी दोघांना बसायला सांगितलं आणि लगेच चहा मागवला. सुचिताला ते आवडलं नाही. लगेच चहा मागवणाऱ्या माणसाला काहीतरी सांगायचं नसतं.

"तुमच्याकडे माझ्या नवऱ्याचं काय आहे?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी टेबलावरचा गुडघा उचलला. खऱ्या गुडघ्यापेक्षा तो लहान आणि गुळगुळीत होता. गुडघेबदल आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, त्या सांगू लागल्या. झिजलेली हाडाची टोकं कापून धातूची टोपी बसवायची, मध्ये गादी ठेवायची, इथपर्यंत जुनंच. नवी आहे ती गादी. तिच्यात दाट द्रव असतो आणि द्रवात लोखंडाची अतिसूक्ष्म भुकटी. चुंबकीय क्षेत्र दिलं की तो द्रव डोळ्याची पापणी लवायच्या आत घट्ट होतो, काढून घेतलं की पुन्हा सैल. गादीखालचे संवेदक भार मोजत राहतात. चालण्याच्याच दाबातून वीज तयार होते. आणि यात एक चिप आहे, जी पुढचं पाऊल कसं पडणार याचा अंदाज आधीच बांधते.

"आधी कशाला?" सुचिताने विचारलं.

"माणूस पडतो तेव्हा पडतोय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. गुडघ्याला आधी कळलं तर तो सावरतो. पण त्यासाठी माणूस कसा चालतो हे त्याला माहीत हवं. इथेच अडचण आहे. आमच्याकडे येणारे लोक वर्षानुवर्षं दुखऱ्या गुडघ्यावर लंगडत आलेले असतात. नवा गुडघा त्यांच्याकडून चालायला शिकला तर लंगडायलाच शिकेल. म्हणून सुरुवातीला आम्ही त्याला दुसऱ्या कुणाची तरी चांगली चाल देतो. गुडघा तशी चाल धरतो आणि पाय हळूहळू गुडघ्याचं ऐकायला लागतो."

अंकुश कपातला चहा बशीत ओतत होता. तो थांबला. "म्हणजे माझ्या गुडघ्यात उल्हास बसलो हा?"

 डॉक्टरांनी संगणकाचा पडदा सुचिताकडे वळवला.

काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके होते. चेहरा नाही, अंग नाही, नऊवारी नाही. घोटे, गुडघे, कंबर, खांदे यांच्या जागी फक्त ठिपके. ते हलले. टेकले, थांबले, पुढे गेले, आणि टोकाशी पोचल्यावर डाव्या घोट्याचा ठिपका दोनदा आपटला. सुचिताने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी घेतलेली नोंद आहे ही," डॉक्टर म्हणाल्या. "मी त्यांना म्हटलं होतं, नेहमी चालता तसंच या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला."

"कुठे?"

"बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. कॅमेऱ्यांसाठी मोठे दिवे लावले होते."

"आणि माणसं?"

"दोन्ही बाजूंना बाकांवर रुग्ण आणि नातेवाईक होते. तिथे नेहमीच असतात."

सुचिताला आता हसू आवरलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, तरी ती हसली. अंकुशच्या लक्षात आलं आणि त्याने कपाळाला हात लावला. दिवे लावलेत, दोन्ही बाजूंना माणसं बसलीत आणि दशावताऱ्याला सांगताय, चाल!

"बाई, तो असा चालायचा नाही," सुचिता म्हणाली. "घरात तो चपला फरफटत चालायचा. बैल बरा. ही दमयंती आहे."

डॉक्टर कुडतरकरांचा चेहरा पहिल्यांदाच उघडा पडल्यासारखा झाला. "म्हणजे ही चाल खरी नाही?"

"खरी आहे. पण त्याची नाही, राणीची आहे."

डॉक्टर पुन्हा त्या ठिपक्यांकडे पाहू लागल्या. मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या संग्रहातली ही सर्वांत चांगली चाल आहे. पाऊल टेकल्यावर भार एकदम येत नाही, उतरत उतरत येतो. सांध्याला धक्का जवळजवळ बसतच नाही. हे शिकवायला आम्हांला महिने लागतात. संगणकाने ती आपणहून निवडली, पुन्हा पुन्हा निवडली. ते हे कुठे शिकले होते?"

 सुचिताला माहीत होतं, पण ते तिने स्वतःपाशीच ठेवलं. तरुणपणी एका देवळाच्या कट्ट्यावरून उल्हास डाव्या गुडघ्यावर पडला होता. त्या पावसाळ्यात पडवीत चालताना तो तिला म्हणाला होता, "पाऊल टेकवून थांबतंय, कारण भार टाकूक भिया वाटता. कोणाक सांगा नको. लोकांका नजाकत वाटता." पुढे गुडघा बदलला, दुखणं गेलं, पण तोपर्यंत राणी तशीच चालायला शिकली होती.

"पुन्हा पुन्हा निवडली म्हणजे किती जणांसाठी?" तिने विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"येत नाही की सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. निदान हे तरी त्या सरळ बोलल्या.

"आणि त्याला विचारलं होतं?"

"विचारलं होतं. तुमची चाल इतरांसाठी ठेवू का, म्हणून. ते हसले. म्हणाले, बाय, इतकी वर्सां लोकांका फुकटच दाखवतंय, तू ठेव." डॉक्टरांनी आपला कप बाजूला सारला. "पण वारसाला ती परत घेता येते. मृत्यूनंतर वर्षभरात. तुम्ही मागितलीत तर आम्हांला ती सगळ्या गुडघ्यांतून काढावीच लागेल."

"मागा, वहिनी," अंकुश पटकन म्हणाला.

"ह्यांच्या एकट्याच्या गुडघ्यातून काढा ना," सुचिता म्हणाली.

"काढली होती. यांना नुसतं सेटिंग बदलते म्हणून सांगितलं आणि कंपनीची साधी चाल घालून पाहिली. दोनदा पडले. एकदा न्हाणीघरात, एकदा इथेच. का पडतात ते मला कळत नाही. उजवा गुडघा ठीक आहे म्हणतात, तपासूही देत नाहीत. हीच चाल यांना पेलते. मी डॉक्टर आहे, पेशंटला पाडणारी चाल मी पुन्हा घालणार नाही. कायद्याने भाग पाडलं तर गोष्ट वेगळी."

"पडान ना मी!" अंकुश म्हणाला. "पण राक्षस म्हणून पडान."

"तुम्ही पडाल. पण जे नुकते उभे राहिलेत, त्यांचं काय? त्यांना नव्याने चालायला शिकावं लागेल. त्यातले काही म्हातारे आहेत. म्हाताऱ्या माणसाचं कमरेचं हाड मोडलं की ते पुन्हा उभं राहतंच असं नाही."

सुचिता त्यांच्याकडे बघत राहिली. हे खरं असेल. किंवा सगळ्यांत चांगली चाल हातची जाऊ नये म्हणून घातलेली भीती असेल. डॉक्टरांच्या आवाजात दोन्ही ऐकू येत होतं.

"आणि राहिली तर कायमची राहील?"

"नाही. ज्याच्या गुडघ्यात आहे त्याच्या सवयी तिच्यात मिसळत जातात. काही वर्षांनी कुणाची होती ते सांगता येणार नाही."

*

त्यानंतर सुचिताला बाजारात जायचीच धास्ती वाटू लागली. आणि ती रोज जाऊ लागली.

ती माणसांच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. एसटी स्टँडवर, रेशनच्या रांगेत, मासळी बाजाराच्या ओल्या फरशीवर ती पाय बघायची. एका पेन्शनर गृहस्थांच्या मागून ती औषधाच्या दुकानापर्यंत गेली, कारण त्यांचं डावं पाऊल टेकून थांबतं असं तिला वाटलं. ते मागे वळून म्हणाले, "काय व्हया, बाय?" आणि मग दिसलं, त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता. आणखी एका बाईच्या बाबतीत तिची खात्री झाली होती. ती बाई नुसती रमतगमत चालणारी निघाली. रात्री झोपायच्या आधी तिला प्रत्येक माणूस संशयित वाटे, आणि सकाळी आपल्याच डोक्याचा संशय येई.

मग आषाढातल्या एका सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर तिला सामंतबाई दिसल्या. हायस्कूलच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दोन वर्षांपूर्वी या पायऱ्या त्या बसून, एकेक करत उतरायच्या आणि कुणी हात दिला तर खेकसायच्या. आज हातात फुलांची परडी होती आणि कठडा त्यांनी धरलेला नव्हता. टेकलं, थांबलं, भार आला. चिऱ्याच्या ओल्या पायऱ्यांवरून दमयंती उतरत होती. तिने छत्री काखेत मारली होती आणि चष्मा नाकावर आला होता.

शेवटची पायरी संपली आणि सामंतबाईंनी डावी टाच दोनदा आपटली.

"बाई, असा कित्या करतात?" सुचिताने विचारलं. 

"काय कित्या?"

"टाच आपटलात ती."

"मी? कधी?" बाईंनी पायाकडे पाहिलं, मग सुचिताकडे, शाळेत कॉपी पकडताना बघायच्या तसं. "तू मेस्त्रीची बायको ना? बरी आहेस का? तोंड कसं पांढरंफटक पडलंय." आणि उत्तराची वाट न बघता सुचिताचा हात धरून म्हणाल्या, "चल, सोडते तुला घरापर्यंत. मला आता चालायला आवडतं."

वाटेत त्या आपल्या मुलाबद्दल, पावसाबद्दल आणि नव्या हेडमास्तरच्या अकलेबद्दल बोलत होत्या. सुचिताने त्यातलं काही ऐकलं नाही. ती उल्हासच्या शेजारून चालत होती. इतक्या वर्षांत तो असा तिच्यासोबत बाजारातून कधी चालला नव्हता. तो नेहमी पुढे असायचा, चपला फटफटवत.

*

श्रावण सुरू व्हायच्या आधी अंकुश पुन्हा आला. पडवीत तीच पावलं, उंबऱ्यावर तीच टाच. या वेळी ती दचकली नाही.

"मागितलात?" त्याने विचारलं.

"नाय. मागूचंय नाय."

तो डावा पाय पुढे सोडून कठड्यावर बसला. मग म्हणाला, "तुमच्या घोवाची चाल बाजारात फिरता म्हणान तुमका बरा वाटता. माझा काय? मी चवरी ढाळत मरू?"

 सामंतबाईंच्या कमरेचं हाड एका पारड्यात घालायचं आणि अंकुशचा राक्षस दुसऱ्या, हे सुचिताने कितीदा करून पाहिलं होतं. पारडं दर वेळी एकाच बाजूला झुकायचं आणि दर वेळी अंकुश तसाच उभा असायचा, मिशी दातांत धरून.

ती आत गेली. माळ्याखाली उल्हासचा पेटारा होता. त्यातून तिने हिरवं नऊवारी लुगडं काढलं, जरीच्या काठावरची कापराची वडी झटकली आणि ते आणून अंकुशच्या मांडीवर ठेवलं.

"ह्या काय?"

"दमयंती."

"वहिनी, माझी थट्टा करतात? ह्या अंगार लुगडा? पडदो फाटात!"

"उल्हास पण बारीक नव्हतो. चाल तुमच्याकडे आसाच. संवाद तुमका पाठ आसत, समोर उभे रवान इतकी वर्सां ऐकलात."

"आणि मिशी?"

"ती काढूची लागतली."

अंकुशने मिशीवर असा हात ठेवला, जणू सुचिताच्याच हातात वस्तरा होता. त्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "खरा सांगा. माका राणी करून उल्हासाक परत आणूचो बेत आसा तुमचो."

"आसा," सुचिता म्हणाली. खोटं बोलायची तिला आता ताकद नव्हती.

तो लुगडं न घेता निघून गेला. दोन दिवसांनी एक पोरगा सायकलवर आला आणि म्हणाला, धुरीकाकांनी लुगडा मागल्यानी हा.

*

आवाजाच्या नव्या नियमांमुळे जत्रेतली नाटकं आता दुपारीच होतात. मार्गशीर्षातल्या जत्रेत, देवळासमोरच्या मांडवात, ऊन कापडातून पिवळं होऊन झिरपत होतं. अंकुश धुरी राणी करणार ही बातमी आठ गावांत पसरली होती आणि माणसं मुद्दाम हसायला आली होती. पहिल्या रांगेतली पोरं आधीच खिदळत होती. सुचिता पडद्याच्या बाजूला, पायपेटीवाल्याच्या जवळ, पडद्याआडचंही दिसेल अशी बसली.

पायपेटीने सूर धरला. पडदा हलला. सुचिताने डोळे मिटून घेतले.

पाऊल टेकलं, थांबलं, भार आला.

खिदळणं थांबलं. चुरमुऱ्यांच्या पुड्या वाजायच्या थांबल्या. उल्हास आला होता. ती नुसती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या कपाळावर आठी पडली.

डाव्या पावलाचा थांबा दर वेळी तेवढाच होता. केसभरही कमीजास्त नाही, शिवणयंत्राच्या टाक्यासारखा. उल्हासचा थांबा कधी सारखा नसायचा. नळ सोडून गेल्याचं कळल्यावर तो लांबायचा, वनात काटा रुतल्यावर तुटायचा. हा उल्हास नव्हता. कॉरिडॉरमधली ती एकच दुपार पुन्हा पुन्हा वाजत होती. तिला वाटलं, उठून जावं.

मग तिला उजवं पाऊल ऐकू आलं. तेही थांबत होतं. त्यात कुणी काही घातलेलं नव्हतं, ते अंकुशच्या आईने दिलेलंच होतं. आणि तरी थांबत होतं, दर वेळी वेगळं. एकदा जास्त, एकदा कमी. एकदा इतकं की समोर कुणीतरी श्वास रोखला.

तिने डोळे उघडले. मिशीविना अंकुशचा चेहरा उघडाबोडका आणि अनोळखी दिसत होता. ओठांना रंग होता, पण खालचा ओठ दातांत होता.

प्रवेश संपला. पडद्याआड येताच डावी टाच दोनदा वाजली. बाहेर टाळ्या चालू होत्या. अंकुश पेटाऱ्यावर बसला आणि कुणी बघत नाहीसं पाहून त्याने दोन्ही हातांनी उजवा गुडघा दाबून धरला.

"उजवो दुखता ना, भावजी?" सुचिता पडद्याआड सरकत हळूच म्हणाली. "पहिल्यापासून? म्हणान साध्या चालीवर पडत होतात?"

अंकुशने पायपेटीवाल्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली केला.

"दुखता. पण कोणाक सांगा नकात, वहिनी. लोकांका नजाकत वाटता."

सुचिता त्याच्याकडे पाहतच राहिली. उल्हासचे हे शब्द त्याला कुणी सांगितले? तिने तर कुणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरणीलाही नाही. कॉरिडॉरमधल्या ठिपक्यांना तोंड नव्हतं. भार, वेग, कोन मोजणाऱ्या त्या गादीत शब्द मावायला जागाच नव्हती. तिने त्याचा चेहरा नीट न्याहाळला, नक्कल पकडायला म्हणून. तिथे घामाने ओघळलेला रंग होता आणि दुखणं होतं.

बाहेर पखवाज पुन्हा सुरू झाला. पुढच्या प्रवेशाला अजून वेळ होता. तिने रंग उतरवायला ठेवलेली खोबरेल तेलाची वाटी उचलली, त्याच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली,

"पाय हय सरकवा. उजवो."